संग्रहालयाचे दालन ताटलीवर उतरते तेव्हा: अशा पोर्सिलेन संचाची पारख कशी करावी?

ओसरी (प्रश्न)

नमस्कार. काही महिन्यांपूर्वी मला एक कप आणि बशी भेट मिळाली. बशीच्या रुंद काठावर दुधाळ पांढऱ्या जमिनीवर बारीक वेलबुट्टी आहे. त्या वेलीत खारी आहेत, पक्षी आहेत, कमरेखाली पानांत विरत जाणारी माणसे आहेत, आणि कपावर हीच वेल उभ्या पट्ट्यांतून वर चढत जाते. सोबतच्या चिठ्ठीवर ‘सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटेज संग्रहालयातील राफाएलच्या ओवरीवरून प्रेरित’ एवढेच छापले आहे. मी त्या दालनाची छायाचित्रे मिळवून पाहिली आणि अधिकच गोंधळले, कारण तेथे लांबच लांब कमानींची रांग आहे, छतावर चित्रे आहेत, भिंतीचा एक वीतभर भागही रिकामा नाही. माझ्या बशीवर मात्र त्यातले फार थोडे आले आहे आणि जे आले आहे ते जसेच्या तसे नाही.

आता याच मालिकेतील सहा जणांचा जेवणाचा संच घ्यावा असा विचार मनात आहे. त्यात मोठ्या ताटल्या, खोलगट ताटल्या, डेझर्टच्या लहान ताटल्या, चहाची किटली आणि कपबशा येतात. परंतु निर्णय घेण्यापूर्वी जाणकारांकडून काही गोष्टी समजून घ्याव्यात असे वाटते. ‘प्रेरित’ या शब्दाचा अशा ठिकाणी काय अर्थ घ्यायचा, की तो केवळ छायाचित्र लहान करून छापल्यावर लावलेला गोंडस शब्द असतो? एका दालनाची सजावट ताटलीवर चांगली उतरली आहे की वाईट, हे ओळखण्याची काही रीत आहे का? आणि असा संच रोज वापरता येतो की तो काचेच्या कपाटातच शोभतो? किंमत बरीच असल्यामुळे केवळ ‘सुंदर दिसते’ एवढ्यावर थांबण्याची माझी तयारी नाही.

कोनाडा

ओसरी, आपल्या बशीवरची वेल त्या कारखान्याची नाही, हर्मिटेजचीही नाही, आणि काटेकोरपणे पाहिले तर राफाएलचीसुद्धा नाही. ती नकलेची नक्कल आहे, आणि मला तरी यात कमीपणा वाटत नाही. उलट तिचा प्रवास कळल्याखेरीज ‘प्रेरित’ या शब्दाचा उलगडा होणार नाही.

रोममध्ये इ. स. ६४ च्या मोठ्या आगीनंतर सम्राट नीरोने एक प्रचंड सुवर्णप्रासाद बांधला. त्याच्या मृत्यूनंतर तो मातीने भरला गेला आणि त्यावर दुसऱ्या इमारती उभ्या राहिल्या. १४८० च्या सुमारास त्याची दालने पुन्हा सापडली, तेव्हा चित्रकार दोराने त्या अंधाऱ्या पोकळ्यांत उतरत आणि हातातल्या दिव्याच्या उजेडात छतावरची नक्षी उतरवून घेत. ती दालने गुहांसारखी भासत. इटालियन भाषेत गुहेला ‘ग्रोत्ता’ म्हणतात, त्यावरून या नक्षीला ‘ग्रोतेस्क’ हे नाव मिळाले. इटालियन चित्रकार राफाएल आणि त्याच्या शिष्यांनी १५१७ ते १५१९ या काळात व्हॅटिकनमधील पोपच्या प्रासादाची एक ओवरी याच शैलीत रंगवली. तिच्या छताचे तेरा खण आहेत, प्रत्येक खणात बायबलमधील चार प्रसंग आहेत, म्हणजे एकूण बावन्न चित्रे, आणि खाली भिंतींवर व चौकोनी खांबांवर ही वेल, ज्यात खारीही आहेत आणि पक्षीही.

रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने १७७८ मध्ये या ओवरीची रंगवलेली खोदचित्रे पाहिली आणि तिला ती सबंध ओवरीच आपल्या राजवाड्यात हवीशी झाली. चित्रकार ख्रिस्तोफर उंटरबेर्गर याच्या देखरेखीखाली रोममध्ये कॅनव्हासवर नकला तयार झाल्या, ज्याकोमो क्वारेंगी या वास्तुकाराने सेंट पीटर्सबर्गमध्ये १७८० च्या दशकात त्यांच्यासाठी इमारत उभारली, आणि पोपच्या राजचिन्हाच्या जागी रशियाचा दोन डोक्यांचा गरुड आला. त्यानंतर शंभर वर्षांनी ही वेल जेवणाच्या मेजावर उतरली. रशियाचा सम्राट तिसरा अलेक्झांडर याने १८८३ मध्ये शाही पोर्सिलेन कारखान्याकडे त्सार्स्कोये सेलो येथील प्रासादासाठी जो संच मागवला, तो ‘राफाएल संच’ म्हणूनच ओळखला जातो. त्याचे काम १९०३ पर्यंत चालले. मागवणारा सम्राट १८९४ मध्येच वारला होता.

आता पाहा: पुरलेल्या प्रासादाचे छत, पोपच्या ओवरीचे खांब, कॅथरीनचा कॅनव्हास, अलेक्झांडरची ताटली, आणि मग आपली बशी. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवले आहे. म्हणून आपल्या बशीवर दालनातले ‘फार थोडे’ आले आहे ही तक्रार मला मान्य नाही. बावन्न प्रसंगांपैकी एकही न घेता फक्त वेल घेतली, हा त्या चित्रकाराचा शहाणपणा आहे. पंधरा सेंटिमीटरच्या बशीवर ‘जगाची निर्मिती’ कोंबली असती तर ती चहाच्या डागासारखी दिसली असती.

‘प्रेरित’ आणि ‘लहान करून छापलेले’ यांतला फरक मला काठावर शोधावासा वाटतो. भिंतीवरची पट्टी सरळ असते, ताटलीचा काठ वाकलेला असतो, आणि सगळी अडचण तेथून सुरू होते. २७ सेंटिमीटर व्यासाची मोठी ताटली घ्या. तिचा बाहेरचा परीघ सुमारे ८५ सेंटिमीटर भरतो. काठ चार सेंटिमीटर रुंद असेल तर त्याच काठाचा आतला परीघ जेमतेम ६० सेंटिमीटर राहतो. एखादी बुट्टी त्यावर चोवीस वेळा घ्यायची ठरवली तर प्रत्येकीला बाहेरच्या अंगाला साडेतीन सेंटिमीटर जागा मिळते आणि आतल्या अंगाला अडीच. भिंतीवर ताठ उभी असलेली आकृती येथे पंख्यासारखी पसरते. जाणता चित्रकार ती मुळातूनच खाली निमुळती आणि वर फुलणारी अशी नव्याने काढतो. उरकून टाकणारा माणूस संगणकावर ती नुसती वाकवतो, आणि मग मानवी चेहऱ्यांची कपाळे रुंद व हनुवट्या टोकदार होतात. बशीचा परीघ जेमतेम ४७ सेंटिमीटर असतो, म्हणून तेथे चोवीस बुट्ट्या बसवल्या तर त्या मुंग्यांसारख्या दिसतील. तेथे बारा-चौदाच हव्यात, म्हणजे रेखाटन पुन्हा एकदा वेगळे हवे. आपल्याला संच पाहायला मिळेल तेव्हा मोठी ताटली आणि बशी शेजारी ठेवून बुट्ट्या मोजाव्यात. संख्या वेगळी आणि रेघेची जाडी सारखी असेल तर कोणीतरी मन लावून काम केले आहे. संख्या तीच आणि रेघ केसासारखी बारीक झाली असेल तर कळ दाबून आकार कमी केला आहे.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. दालनात आपण मान वर करून छत पाहतो, ताटलीकडे मात्र वाकून पाहतो, म्हणजे ज्या नजरेने जमीन पाहतो त्याच नजरेने. त्यामुळे मला छतांपेक्षा फरशांवरून घेतलेल्या ताटल्या अधिक पटतात. हर्मिटेजच्याच पॅव्हेलियन दालनात प्राचीन रोमन स्नानगृहातील मोझेक फरशीची लहान आकारातील प्रतिकृती बसवलेली आहे. मूळ फरशी इटलीत ओत्रिकोली येथे सापडली आणि ती व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. प्रतिकृतीच्या मध्यभागी मेदुसाचे, म्हणजे ग्रीक पुराणकथेतील सर्पकेशी स्त्रीचे, मुख आणि भोवती एकात एक पट्टे, अशी ती रचना आहे. ती ताटलीवर घेताना फारसे काही वाकवावे लागत नाही.

याउलट त्याच संग्रहालयाच्या मॅलाकाइट दालनाचे पाहा. राजवाड्याला १८३७ मध्ये लागलेल्या आगीनंतर अलेक्झांडर ब्र्युल्लोव्ह याने ते सजवले. तेथील खांब अखंड दगडाचे नाहीत. मॅलाकाइटच्या पातळ चकत्या एकमेकींना अशा जोडल्या आहेत की हिरव्या लहरी अखंड वाहिल्यासारख्या वाटतात. तो दगड काठावर छापला आणि दर दहा सेंटिमीटरवर तीच लहर पुन्हा आली, की तो दगड राहत नाही, भिंतीला लावायचा कागद होतो. मॅलाकाइटची नक्षी घेणार असाल तर एक डोळा मिटून आवर्तन शोधावे. ते चटकन सापडले तर संच परत ठेवावा.

शंखजिरे

कोनाडा यांनी रेखाटनाचे सांगितलेच आहे. मी भट्टीच्या बाजूने लिहितो. पोर्सिलेनच्या एका कारखान्यात सजावट विभागात मी बरीच वर्षे काम केले आहे. तेथील अनुभव असा की ग्राहक नक्षीकडे पाहतो आणि कारागीर नक्षी झिलईच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या, कोणत्या बाजूला आहे ते पाहतो.

कठीण पोर्सिलेन केओलिन नावाची पांढरी माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांपासून बनते. पहिली भाजणी साधारण ९०० ते १००० अंश सेल्सियसला होते, मग वस्तू झिलईत बुडवतात आणि १३५० ते १४०० अंशांना पुन्हा भाजतात. या सगळ्यात ती सुमारे १५ टक्के आक्रसते, म्हणून साचा नेहमी मोठा असतो. एवढ्या उष्णतेत टिकणारे रंग मोजके आहेत आणि त्यांत कोबाल्टचा निळा सर्वांत भरवशाचा आहे. म्हणूनच जगभर निळी-पांढरी भांडी इतकी दिसतात. त्यामागे आवडीइतकाच रसायनशास्त्राचा हात आहे. निळा रंग झिलईखाली घातला की तो काचेच्या थराखाली कायमचा बंद होतो.

परंतु राफाएलच्या ओवरीत गुलाबी आहे, पिवळा आहे, विटकरी आहे, सोने आहे. हे रंग १४०० अंशांत उडून जातील किंवा काळवंडतील. म्हणून ते तयार, चकचकीत झिलईवर काढतात आणि ७५० ते ८५० अंशांना तिसऱ्यांदा भाजतात. ते झिलईला चिकटतात, पण तिच्या वरच राहतात. मधला एक मार्गही आहे: सुमारे १२०० अंशांना थोडा वेळ भाजले की झिलई मऊ होते आणि रंग तिच्यात बुडतो. आजकाल चांगले उत्पादक भोजनाच्या ताटल्यांसाठी हीच पद्धत वापरतात. मात्र सोने अशा तऱ्हेने बुडवता येत नाही. ते वरच बसते.

हे घरी ओळखता येते. बशी खिडकीपाशी नेऊन आडव्या प्रकाशात तिरपी धरा. झिलईची चमक पांढऱ्या भागावरून नक्षीवर अखंड सरकत गेली तर रंग झिलईच्या आत किंवा खाली आहे. नक्षीपाशी चमक तुटली, किंवा तेथे किंचित मंद अथवा वेगळी चकाकी दिसली, तर रंग वर आहे. नखाची कड नक्षीवरून हलकेच ओढली तर वरच्या रंगाचा उंचवटा जाणवतो.

हाताने रंगवलेले आणि छापलेले यांविषयी बराच गैरसमज आहे, म्हणून तेही सांगतो. अशा संचांवरील नक्षी बहुधा डेकलची असते. सिरॅमिक रंगात छापलेला कागद पाण्यात भिजवला की नक्षीची पातळ कातडी सुटते. ती ओल्या बोटांनी ताटलीवर सरकवून जागेवर आणायची आणि मग रबराच्या पट्टीने मधून कडेकडे पाणी व हवा ढकलून काढायची. कातडीखाली मोहरीएवढा बुडबुडा राहिला तरी भट्टीत तो फुटतो आणि नक्षीत पांढरे भोक पडते. हे काम सोपे नाही. कप वर रुंद आणि खाली अरुंद असल्यामुळे त्याचा डेकल कमानीसारखा कापलेला असतो आणि त्याची दोन टोके जेथे मिळतात ती जागा कपाच्या कानामागे लपवतात. म्हणून कप हातात घेतला की पहिल्यांदा कानामागे पाहावे. ओसरी, आपण आपल्या कपाचे पाहून येथे लिहाल का?

सोन्याचेही दोन प्रकार आहेत. भट्टीतून निघतानाच आरशासारखे चमकणारे द्रवरूप सोने असते. त्याचा थर अत्यंत पातळ असतो. दुसरे सोने भट्टीतून मातकट, निस्तेज निघते आणि मग ते अकीकाच्या टोकाने किंवा बारीक वाळूने घासून उजळतात; त्यात सोन्याचे प्रमाण अधिक असते आणि त्याची चमक मऊ, रेशमी दिसते. दुसरे बरेच महाग आणि बरेच टिकाऊ असते. प्रासादाच्या सजावटीवरून घेतलेल्या संचात सोने आरशासारखे लखलखत असेल तर ते मूळ दालनाशीही विसंगत दिसते, कारण जुन्या दालनांतला वर्ख असा लखलखत नाही.

संच बोन चायनाचा आहे की कठीण पोर्सिलेनचा, हेही विचारून घ्यावे. बोन चायनात साधारण निम्मा भाग हाडांच्या राखेचा असतो. ज्यांना ती नको असेल त्यांना हे आधी कळलेले बरे. बोन चायनाचा पांढरा रंग किंचित उबदार, कठीण पोर्सिलेनचा किंचित निळसर असतो. पातळ भाग दिव्यासमोर धरला की दोन्हींतून बोटांच्या सावल्या दिसतात.

जुनी बशी

माझा अनुभव वापरणाऱ्याचा आहे. एका राजवाड्याच्या संग्रहालयातील छतावरून बेतलेला संच मी नऊ वर्षे वापरतो आहे. पहिली दोन वर्षे तो कपाटात होता. नंतर मी स्वतःला विचारले की ज्या वस्तूकडे आठवड्यातून एकदा धूळ पुसण्यापुरतेच पाहायचे ती सहा जणांसाठी कशाला घेतली, आणि संच बाहेर काढला.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो, म्हणजे आपल्याला तिची पुनरावृत्ती करावी लागणार नाही. ताटल्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. वर्षभराने एका दुपारी ताटली उन्हात धरली तेव्हा तिच्या मध्यभागी, घुमटाच्या चित्रावरून, एक राखी वर्तुळ गेलेले दिसले. आधी वाटले की तो डाग आहे. घासून निघेना, म्हणून वरची ताटली उलटी करून तिच्यावर ठेवून पाहिली, तर वर्तुळाचा व्यास तंतोतंत तिच्या तळकडीएवढा होता. तळकडीवर झिलई नसते, कारण झिलई असती तर भट्टीत ताटली फळीला चिकटली असती. त्या उघड्या खरखरीत कडीने ताटली काढता-ठेवताना खालच्या ताटलीवरची नक्षी घासली जात होती. सहापैकी पाच ताटल्यांवर ते वर्तुळ आहे. सर्वांत वरची तेवढी वाचली. आता प्रत्येक दोन ताटल्यांमध्ये मऊ कापडाची चकती असते. संच नवा असतानाच हे करावे.

सोनेरी काठाचे भांडे मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, ठिणग्या उडतात. भांडी धुण्याच्या यंत्रातील अल्कधर्मी पावडर वरचे रंग आणि सोने हळूहळू खाते. यंत्रात चालेल असे उत्पादकाने स्पष्ट लिहिले असेल तरच ठेवावे. मी हाताने, कोमट पाण्यात, प्लास्टिकच्या टोपलीत धुतो.

कोनाडा यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. छत असो वा फरशी, ताटलीच्या मध्यभागी चित्र असूच नये असे मला नऊ वर्षांनंतर वाटते. जेवण वाढले की ते झाकले जाते, जेवण झाल्यावर ते खरकट्याखालून डोकावते, आणि सुरी चालते तीही त्याच्यावरूनच. जी नक्षी दिसायची आहे ती काठावर असावी.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. शंखजिरे यांनी सांगितल्याप्रमाणे पाहिले. खिडकीतल्या तिरप्या उजेडात चमक वेलीवरून न अडखळता जाते, म्हणजे रंग झिलईत बुडालेला असावा. सोन्याच्या रेघेपाशी मात्र ती तुटते आणि नखाला तेथे बारीक कड लागते. बशीवर तेरा बुट्ट्या आहेत. तेरा हा आकडा ओवरीच्या तेरा खणांवरून घेतला की परिघात तेवढ्याच बसल्या, हे मला ठरवता आलेले नाही.

कपाच्या कानामागे पाहिले तेव्हा मात्र हसू आले. तेथे एक खार आहे, आणि तिला शेपूट नाही. वेल एका बाजूने येते, खारीचे डोके आणि पाठ काढते आणि शेपटीच्या जागी थेट दुसरे पान सुरू होते. इतके महिने रोज त्या कपातून चहा पिऊनही हे माझ्या नजरेला पडले नव्हते.

जुनी बशी यांचे म्हणणे वाचून प्रश्न पडला आहे. मला दाखवलेल्या संचात मोठ्या ताटल्यांचा मध्य कोरा आहे, काठावर फक्त वेल आहे. पण डेझर्टच्या ताटल्यांवर मध्यभागी छताच्या एकेका खणाची रचना आहे. मग त्या घेऊ नयेत का?

कोनाडा

जुनी बशी यांचा मुद्दा भोजनाच्या ताटल्यांपुरता मी पूर्णपणे मान्य करतो. परंतु डेझर्टच्या ताटल्यांची गोष्ट निराळी आहे, आणि आपल्या संचाच्या रचनाकाराला ती ठाऊक असावी असे दिसते. युरोपातील दरबारी भोजनात सर्वांत श्रीमंत चित्रकाम डेझर्टच्या संचावरच असे. त्या ताटल्यांवर मांस कापले जात नसे, फळे आणि गोड पदार्थ थोडे असत, आणि जेवण संपल्यामुळे पाहुण्यांना ताटली न्याहाळायला आणि तिच्याविषयी बोलायला वेळ असे.

याची दोन उदाहरणे आपल्या विषयाला अगदी लागून आहेत. नेपल्सच्या शाही कारखान्याने १७८० च्या दशकाच्या आरंभी ‘हर्क्युलेनियम संच’ तयार केला आणि राजा चौथा फर्दिनांद याने तो आपल्या वडिलांना, म्हणजे स्पेनच्या तिसऱ्या कार्लोसला, पाठवला. हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन शहरातील आणि परिसरातील उत्खननांत सापडलेली जी भित्तिचित्रे पोर्तिची येथील राजाच्या संग्रहालयात ठेवली होती, त्यांची चित्रे त्या भांड्यांवर होती. म्हणजे संग्रहालयाच्या भिंती मेजावर आणण्याची कल्पना आजच्या विक्रीदालनांची नाही, ती निदान सव्वादोनशे वर्षांपूर्वीची आहे.

दुसरे उदाहरण सेव्ह्र या फ्रेंच पोर्सिलेन कारखान्याच्या इजिप्शियन संचाचे. व्हिव्हां दनों हा नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला होता आणि पुढे लूव्रचा संचालक झाला. त्याने इजिप्तमध्ये काढलेल्या रेखाटनांवरून हा डेझर्टचा संच बनला. ताटल्यांवर इजिप्तमधील दृश्ये, आणि मेजाच्या मधोमध मांडायला झिलई नसलेल्या पांढऱ्या पोर्सिलेनमध्ये दंडेरा, एडफू आणि फिले येथील मंदिरांच्या प्रतिकृती. पहिला संच झार पहिल्या अलेक्झांडरला भेट गेला. दुसरा नेपोलियनची पत्नी जोसेफिन हिच्यासाठी तयार झाला, पण तिने तो फार रुक्ष वाटतो म्हणून परत केला, आणि अखेर १८१८ मध्ये तो वेलिंग्टनच्या ड्यूककडे पोहोचला. जोसेफिनचे मत मला पटते. सहा मीटरहून लांब देवळांच्या रांगेपलीकडे बसलेल्या माणसाशी काय बोलणार? विद्वत्ता पुरेपूर होती, पण मेजाचा विचार राहून गेला होता.

म्हणून आपल्या संचातील वाटणी मला योग्य वाटते: खांबांवरची वेल भोजनाच्या ताटलीच्या काठाला, छताचा खण डेझर्टच्या ताटलीच्या मध्याला. घुमटाकार खण वर्तुळात नीट बसतो आणि त्याच्या कडेची चौकट ताटलीच्या खोलीशी जुळवता येते. फक्त चौकटीची रेघ ताटली जेथे वाकते त्या वळणावरच बसली आहे का, ते पाहा. ती वळणाच्या अलीकडे किंवा पलीकडे गेली असेल तर छत ताटलीत तरंगल्यासारखे दिसेल.

जाता जाता एक आठवले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १८६० च्या दशकात आपल्या उपाहारगृहाची दालने सजवली, तेव्हा त्यांतील मधल्या दालनाच्या भिंती आणि खांब झिलईदार सिरॅमिकने मढवले होते, कारण ते धुवायला सोपे. तेथे दालनच ताटलीसारखे झाले.

शंखजिरे

खारीची शेपूट हा डेकलच्या जोडाचा दोष आहे. रेखाटनात ती असणारच. कापताना किंवा लावताना दोन टोके दोन-तीन मिलिमीटर एकमेकांवर चढली आणि ती खाली गेली. प्रत्येक कप वेगळ्या हाताने लावलेला असतो, त्यामुळे संचातले सहाही कप तपासावेत.

वरच्या रंगांविषयी एक गोष्ट राहिली. लाल, पिवळा, नारिंगी अशा रंगांत पूर्वी शिसे आणि कॅडमियम सर्रास असे. आज भोजनाच्या भांड्यांची चाचणी ४ टक्के असेटिक आम्ल २२ अंश सेल्सियसला २४ तास भांड्यात ठेवून करतात आणि त्यात किती शिसे, किती कॅडमियम उतरले ते मोजतात. पेल्याच्या आणि कपाच्या बाहेरच्या बाजूला ओठ लागतात तो वरचा २० मिलिमीटरचा पट्टाही स्वतंत्रपणे पाहिला जातो. उभी वेल कपाच्या काठापर्यंत चढत असेल तर हा पट्टा आपल्या बाबतीत महत्त्वाचा ठरतो. नवा संच घेताना भोजनासाठी योग्य असल्याची लेखी नोंद मागावी. जुन्या बाजारातून हाताने रंगवलेली ताटली घेतली तर तिच्यावर आंबट पदार्थ ठेवू नयेत, ती भिंतीवर लावावी.

शिवाय सुटे भाग मिळतात का, हे विचारावे. संग्रहालयाच्या परवान्याने निघणाऱ्या मालिका ठरावीक मुदतीसाठी असू शकतात, आणि मुदत संपल्यावर फुटलेल्या एका ताटलीसाठी वणवण करावी लागते. दोन ताटल्या जास्तीच्या घ्याव्यात. किटलीचे झाकण तर पहिल्यांदा फुटते.

ओसरी

काल पुन्हा जाऊन संच पाहिला. मोठ्या ताटलीवर बावीस बुट्ट्या आहेत, बशीवर तेरा, आणि रेघ दोन्हीकडे सारख्याच जाडीची आहे; म्हणजे तेराचा खणांशी संबंध नसावा. डेझर्टच्या ताटलीची चौकट वळणावर नीट बसली आहे, एका ताटलीत मात्र ती एका बाजूला किंचित सरकली होती, ती बदलून घेतली. सोन्याची रेघ आरशासारखी चमकणारी आहे, त्यामुळे ती काही वर्षांत झिजेल हे गृहीत धरले आहे. भोजनासाठी योग्य असल्याची नोंद खोक्यावरच छापलेली आहे.

आठ मोठ्या ताटल्या, आठ डेझर्टच्या ताटल्या आणि सहा कपबशा घेतल्या. किटली आणि खोलगट ताटल्या सोडून दिल्या. विक्रेत्याने एक-एक कप माझ्यासमोर फिरवून दाखवला. आठ-दहा कप पाहिल्यावर शेपूट असलेल्या सहा खारी मिळाल्या. घरचा कप मात्र मी बदलणार नाही.